तळटिपेतले लिमये

सेंद्रिय रसायनशास्त्रातला एखादा जुना शोधनिबंध उघडावा, विषय कुमारिनचा किंवा फ्लेवोनचा असावा, आणि मजकूर सोडून थेट तळटिपांत उतरावे. जर्मन आणि इंग्रज नावांच्या गर्दीत मधूनच एक ओळ भेटते : लिमये, 'बेरिश्टे', खंड ६५, पान ३७५, १९३२. आणखी खाली गेले की दुसरी : लिमये आणि गांगल, 'रसायनम्', खंड १, १९३६. 'बेरिश्टे' हे जर्मन केमिकल सोसायटीचे मुखपत्र. त्या काळात जगातला कोणताही रसायनज्ञ ते वाचल्याशिवाय राहत नसे. 'रसायनम्' पुण्याहून निघत असे आणि ते लिमयांनी स्वतःच चालवलेले होते. इतक्या दूरच्या दोन पत्त्यांवरचे लेखन एकाच माणसाचे आहे, हे वाचणाऱ्याच्या लवकर ध्यानात येत नाही.

हे डी. बी. लिमये. पुण्यात फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावर न्यायमूर्ती रानड्यांच्या नावाची जी संस्था आहे, तिचे पूर्ण नाव पूर्वी रानडे इंडस्ट्रियल अँड इकॉनॉमिक इन्स्टिट्यूट असे होते. आज तिथे पत्रकारिता आणि परदेशी भाषा शिकायला मुले येतात. ज्या आवारात आज जर्मनची क्रियापदे घोकली जातात त्या संस्थेच्या पत्त्यावरून एकेकाळी जर्मन नियतकालिकाला लिमयांचे रसायनशास्त्राचे निबंध जात होते, हे त्यांतल्या कितीजणांना कोणी सांगितले असेल, कोण जाणे.

या पुस्तिकेत लिमयांचे संशोधन आणि त्याला मिळालेले सायटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या लेखांत घेतलेली त्याची दखल, असे दोन धागे एकत्र घेतले आहेत. पुस्तिका तयार झाली ती औंध, आटपाडी, कुंडल या पट्ट्यातल्या बी.एस्सी., एम.एस्सी.च्या मुलामुलींसाठी. लिमये पुण्याचे, मग त्यांचा औंधशी संबंध काय, असा प्रश्न प्रस्तावना लिहायला बसण्याआधीच मला विचारला गेला. सरळ संबंध काही नाही. आडवा संबंध आहे, आणि मला तो पुरेसा वाटतो.

औंध संस्थान म्हणजे सातारा, सांगली आणि विजापूरकडे तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली बहात्तर गावे. तेवढ्याशा संस्थानात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांनी स्वाध्याय मंडळाचा छापखाना घातला आणि वेदांच्या संहिता छापल्या. त्याच संस्थानच्या हद्दीत, कुंडलच्या माळावर, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तिथून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. सांगण्यासारखे काही असेल तर मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या दारात उभे राहायचे नाही, खिळे आणायचे, कागद आणायचा आणि आपल्या गावात छापायचे, अशी ती धमक होती. लिमयांनी १९३६ मध्ये 'रसायनम्' काढले त्यामागे याच जातीची धमक होती. एक फरक मात्र होता, आणि पुढची सगळी गोष्ट त्या फरकाची आहे. सातवळेकरांचा आणि किर्लोस्करांचा वाचक या देशातच होता, टपालाने अंक गेला की तो वाचत होता. कुमारिनवरचा निबंध वाचणारी माणसे मँचेस्टरला, बर्लिनला, न्यूयॉर्कला होती. तिथल्या ग्रंथालयांनी वर्गणी भरल्याशिवाय पुण्याचा अंक त्यांच्या टेबलावर जाणार कसा?

दुसरा आडवा संबंध करंजाचा. माणदेशात ओढ्याच्या कडेने, विहिरीच्या थारोळ्यापाशी करंज हवे तेवढे. त्याचे तेल दिव्याला, खरजेला, गजकर्णाला, बैलाच्या खांद्याला. पेंड उसाला. फांदी दातवणाला. शेतकऱ्याच्या लेखी करंजात नवीन असे काहीच नव्हते. त्या तेलातून एक शुभ्र स्फटिकमय द्रव्य लिमयांनी वेगळे काढले आणि १९२५ साली काशीला भरलेल्या बाराव्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये ते मांडले. नाव ठेवले करंजिन. करंजावरचे आजचे कुठलेही संशोधन, मग ते कीटकनाशकाचे असो की बायोडिझेलचे, सुरुवातीच्या परिच्छेदात त्या १९२५ च्या कामाची आठवण बहुधा काढतेच.

वनस्पतीतून शुद्ध द्रव्य काढणे ही पहिली पायरी. त्यापुढचा प्रश्न असा की या रेणूत अणू जोडलेले कसे आहेत? आज एनएमआरच्या यंत्रात नमुना घातला की दुपारपर्यंत उत्तर मिळते. त्या काळी रेणू तोडून बघावा लागे. अल्कलीत उकळायचा, तुकडे पडतील ते ओळखायचे, आणि शेवटी तेच तुकडे साध्या द्रव्यांपासून पुन्हा बनवून दाखवायचे. बनवलेला आणि झाडातून आलेला तुकडा एकरूप ठरला की रचना सिद्ध. करंजिनची रचना बंगळुरूच्या मंजुनाथ, सीतारामय्या आणि सिद्दप्पा यांनी १९३९ मध्ये मांडली आणि तीही 'बेरिश्टे'तच. फ्लेवोनच्या अंगाला फ्युरानचे वर्तुळ चिकटलेले आहे, असे त्यांनी दाखवले. १९४१ मध्ये वाल्टेअरला शेषाद्री आणि वेंकटेश्वरलू यांनी करंजिन प्रयोगशाळेत बनवले. पुण्यात निघालेल्या धाग्याचे टोक असे आंध्रात जाऊन बांधले गेले. आपल्याकडे कोणी कोणाचे काम पुढे नेत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. निदान करंजिनबाबत ती खोटी आहे.

लिमयांचे नाव जगात ज्याने गेले ते काम मात्र करंजिन नव्हे. ते काम १९३२ च्या निबंधातले आहे आणि 'निधोन पद्धत' या नावाने ओळखले जाते. त्याची गंमत कळायला थोडे रसायन सोसावे लागेल. कला शाखेच्या वाचकाने पुढचा परिच्छेद ओलांडला तरी मी रागावणार नाही, पण न ओलांडलेला बरा.

रिसॉर्सिनॉल हे एक साधे, स्वस्त द्रव्य. बेंझीनचे सहा कार्बनचे वर्तुळ आणि त्यावर एक घर सोडून बसवलेले दोन हायड्रॉक्सिल गट. या वर्तुळावर तिसरा गट, समजा अ‍ॅसिटिल, बसवायला गेले की तो दोन हायड्रॉक्सिलांच्या मधल्या घरात सहसा जात नाही. तिथे दाटी आहे, आणि बाहेरच्या बाजूला अधिक सोयीची जागा मोकळी आहे. तो तिकडेच जातो. आता ज्या नैसर्गिक द्रव्यांत नेमके मधले घर भरलेले असते ती बनवायची कशी? करंजिन त्यांपैकीच एक. त्याचे फ्युरानचे वर्तुळ याच मधल्या घरातून फुटलेले आहे. लिमयांनी गटाला मधल्या घरात ढकलण्याचा प्रयत्न सोडला आणि बाहेरची जागा आधी अडवली. रिसॉर्सिनॉल आणि इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट यांपासून पेखमान अभिक्रियेने कुमारिनचे दुसरे वर्तुळ उभे केले. त्या वर्तुळाने सोयीची जागा व्यापली. मग उरलेल्या हायड्रॉक्सिलवर अ‍ॅसिटिल चढवला आणि अ‍ॅल्युमिनिअम क्लोराइडबरोबर तापवला. याला फ्रीस पुनर्रचना म्हणतात. यात अ‍ॅसिटिल ऑक्सिजनवरून उठून शेजारच्या कार्बनवर जातो, आणि इथे तो मुख्यतः हव्या त्या मधल्याच घरात जाऊन बसतो. शेवटी सगळे अल्कलीत उकळायचे. कुमारिनचे वर्तुळ उघडते, अडवण्यापुरते आणलेले कार्बन निघून जातात, आणि हाती राहते २,६-डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोफिनोन. पिवळे स्फटिक.

एक जागा मुद्दाम बंद करायची, काम उरकायचे, आणि मग ती उघडायची. आजच्या पाठ्यपुस्तकात याला संरक्षक गटाची युक्ती म्हणतात आणि त्यावर स्वतंत्र प्रकरणे असतात. १९३२ साली ही भाषा इतकी रुळलेली नव्हती. म्हणूनच कागदावर चार ओळींत मावणारी ही योजना मला सुंदर वाटते. यात महाग द्रव्य नाही, विजेवर चालणारे यंत्र नाही. पुण्यातल्या मध्यम संस्थेत मिळेल तेवढ्या सामानात ती होते, आणि हे योगायोगाने घडले असे मला वाटत नाही. सामान कमी असले की माणूस अभिक्रियांचा क्रम हुशारीने लावायला शिकतो.

आता सायटेशनकडे. या निबंधाला किती सायटेशन मिळाले, असा प्रश्न आजचा विद्यार्थी पहिल्यांदा विचारेल. त्याऐवजी ते कुठे मिळाले, हे आधी पाहू. 'ऑर्गॅनिक सिंथेसेस' नावाची वार्षिक मालिका १९२१ पासून अमेरिकेत निघते. तिच्यात संशोधनाच्या बढाया नसतात, कृती असतात : किती ग्रॅम घ्या, किती अंशांवर तापवा, कधी ढवळा, कशातून स्फटिक काढा, हाती किती येईल. तिचा नियम असा की कृती पाठवणाऱ्याखेरीज दुसऱ्या एका प्रयोगशाळेने ती प्रत्यक्ष करून बघितल्याशिवाय छापायची नाही. १९४१ च्या एकविसाव्या खंडात पान २२ वर अल्फ्रेड रसेल आणि जॉन फ्राय यांनी २,६-डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोफिनोनची कृती दिली. मार्ग लिमयांचा. पुण्याची युक्ती अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत हातांनी करून पाहिली गेली आणि ती चालली.

सायटेशनची ही जात इतर सगळ्यांहून वेगळी आहे. एखाद्या लेखाच्या आरंभी 'या विषयावर पुष्कळांनी काम केले आहे' म्हणून वीस नावांची माळ ओवलेली असते, त्यातले एक होणे सोपे. आपण लिहिले तसे दुसऱ्या खंडातल्या, आपल्याला कधी न भेटलेल्या माणसाने फ्लास्कमध्ये केले आणि आपण म्हटले तेच त्याच्या हाती आले, ही दखल मिळवणे अवघड. मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही एकच. दोन्हींना एकेक गुण.

याच काळात आढावा लेखांतूनही कुमारिनच्या रसायनाची पायवाट मोठी झाली. सुरेश सेठना आणि एन. एम. शाह यांनी १९४५ मध्ये 'केमिकल रिव्ह्यूज'मध्ये कुमारिनच्या रसायनाचा सविस्तर आढावा घेतला. सेठना आणि रागिणी फडके यांचे पेखमान अभिक्रियेवरचे प्रकरण 'ऑर्गॅनिक रिअ‍ॅक्शन्स'च्या सातव्या खंडात १९५३ साली आले. मुंबई-बडोदे-पुणे या पट्ट्यातल्या रसायनज्ञांनी कुमारिन हा जवळजवळ घरचा विषय करून टाकला होता. आजही त्यावर काम करणारा परदेशी माणूस या नावांना वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. रागिणी फडके हे नाव आपल्या स्त्री-वैज्ञानिकांच्या याद्यांत का दिसत नाही, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. या पुस्तिकेचे वाचक तो लिहितील तर बरे.

त्या पिवळ्या स्फटिकांचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या फायसन्स कंपनीत रॉजर अल्टौन्यान हे डॉक्टर स्वतःला दमा असल्याने नवनवी द्रव्ये स्वतःवरच तपासून बघत होते. त्यातून सोडियम क्रोमोग्लायकेट हे दम्याचे औषध निघाले. त्याच्या रेणूकडे पाहिले की दोन सारखे तुकडे मधल्या एका छोट्या साखळीने जोडलेले दिसतात, आणि ते बनवण्याच्या मूळ मार्गात हे दोन तुकडे येतात २,६-डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोफिनोनपासून. पुढे प्रथिनांचे आणि डीएनएच्या तुकड्यांचे वजन मोजण्याच्या माल्डी तंत्रातही हे द्रव्य नमुन्यात मिसळण्यासाठी वापरात आले. म्हणून दम्याच्या औषधाचे श्रेय लिमयांना द्या असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणारे उत्साही लोक आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या श्रेयावरचाही लोकांचा विश्वास उडतो. द्रव्य एक असते, ते बनवण्याचे रस्ते अनेक असतात, आणि कारखाना स्वस्त पडेल तो रस्ता धरतो. लिमयांनी ते द्रव्य बनवण्याचा नीट, शिकवता येईल असा एक रस्ता घालून दिला. एवढे पुरे आहे.

आता सायटेशनची उलटी बाजू. करंजिनच्या १९२५ च्या कामाचा संदर्भ अलीकडच्या काही आढाव्यांत 'बाराव्या इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्स काँग्रेस'चा म्हणून दिलेला आढळतो. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेस ही संस्था सी. व्ही. रामन यांनी बंगळुरूला स्थापली ती १९३४ मध्ये. १९२५ साली तिचे बारावे अधिवेशन भरेल कसे? सायन्स काँग्रेस निराळी, अ‍ॅकॅडमी निराळी. कोणीतरी एकदा संक्षेप चुकीचा उलगडला, आणि पुढच्याने मूळ न पाहता त्याचे वाक्य तळटिपेसकट उचलले. सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोन संशोधकांनी २००३ मध्ये छपाईच्या अशाच चुका कशा पुढे पुढे सरकतात याचा हिशेब मांडला होता. त्यांचा अंदाज असा निघाला की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे एक-पंचमांश लोकच मूळ लेख वाचतात. अंदाज थोडा इकडेतिकडे धरला तरी लिमयांच्या बाबतीत तो अगदी पटतो. ज्यांनी त्यांना आपल्या यादीत नोंदवले त्यांतल्या फारच थोड्यांनी त्यांना वाचले.

त्यात झाडाच्या नावाची भर. लिमयांच्या वेळी करंज 'पोंगामिया ग्लॅब्रा' होता, मग 'पोंगामिया पिनाटा' झाला, मध्ये 'डेरिस इंडिका' होऊन आला, आता काहीजण 'मिलेटिया पिनाटा' म्हणतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी नाव बदलले की संगणकाला जुना लेख सापडत नाही. आपल्या आजीला चारही वेळा ते झाड ओळखता आले असते.

सायटेशन मोजण्याची कल्पना मुळात वकिलांची. अमेरिकेत १८७३ पासून 'शेपर्ड्स सायटेशन्स' नावाच्या याद्या निघत. कोणत्या जुन्या निकालाचा दाखला पुढच्या कोणत्या खटल्यात दिला गेला, तो मान्य झाला की फिरवला गेला, हे त्यांत बघायचे. आपल्या कोर्टात नजीर शोधतात तसेच. यूजीन गारफील्ड यांनी ते तंत्र विज्ञानाला लावले आणि १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स'चे प्रकाशन सुरू झाले. गारफील्ड स्वतः रसायनशास्त्राचे पदवीधर. रासायनिक नावांवरून यंत्राने सूत्र कसे काढावे, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. एक कल्पना कोणाकोणाच्या हातून कुठवर गेली याचा माग काढणे, हा त्या याद्यांचा मुख्य उपयोग. माणसाची किंमत ठरवण्याच्या कामी त्या नंतर लागल्या. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी एच-इंडेक्स काढला : ज्याचे वीस लेख प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेखिले गेले त्याचा एच-इंडेक्स वीस. मग स्टॅनफर्डचे योआनिडिस आणि सहकारी यांची जगातल्या वरच्या दोन टक्के संशोधकांची यादी आली. आता दरवर्षी ती जाहीर झाली की आपल्या जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत फोटो झळकतात. फोटो येऊ देत, त्याला माझी हरकत नाही. पण बातमीत त्या माणसाने शोधले काय, याची एक ओळ तरी असावी. ती शोधून सापडत नाही.

लिमयांचा एच-इंडेक्स काढायला बसले तर अडचण पहिल्याच पावलावर येते. अशा गणनेत मोजली जाणारी नियतकालिके ठरलेली असतात. जे त्या यादीत नाही त्यातला लेख स्वतंत्रपणे उभा राहत नाही, दुसऱ्याच्या लेखाच्या शेवटी संदर्भ म्हणून दिसतो तेवढाच. तिथेही स्पेलिंग वेगवेगळे, खंड-पान-साल यांची सांगड चुकलेली, सहलेखक गळालेले. गांगल, साठे, भावे, शेणोलीकर, मुंजे, घाटे असे त्यांचे सहकारी त्या संदर्भांत एकेका ओळीपुरते येतात आणि जातात. शिवाय एक विचित्र गोष्ट. एखादी पद्धत रुळली की लोक मूळ लेख सांगणेच बंद करतात. 'निधोन पद्धतीने केले' किंवा 'ऑर्गॅनिक सिंथेसेसमधल्या कृतीप्रमाणे केले' एवढे लिहून पुढे जातात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे : काम सर्वांचे झाले की कर्त्याचे नाव पुसले जाते. मोजणीत हा तोटा, कर्त्याच्या दृष्टीने मात्र याहून मोठी पावती नाही. के. वेंकटरामन यांचे उदाहरण घ्या. मुंबईच्या रसायन-तंत्रज्ञान विभागाचे ते दीर्घकाळ संचालक होते, पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. बेकर-वेंकटरामन पुनर्रचना दरवर्षी हजारो विद्यार्थी परीक्षेत लिहितात. त्यांतला एकही मूळ निबंधाचा संदर्भ देत नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी लिमयांची कड घेऊन सायटेशनला नावे ठेवतो आहे. तसे नाही. माझे मत थोडे कटू आहे आणि ते इथे स्पष्ट लिहायला हवे. 'रसायनम्' काढण्यात लिमयांनी धैर्य दाखवले, पण त्याची किंमत त्यांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना मोजावी लागली. १९३२ चा निबंध 'बेरिश्टे'त नसता तर रसेल आणि फ्राय यांच्यापर्यंत तो पोचला असता असे मला वाटत नाही. 'रसायनम्'मधल्या निबंधांची दखल घेतली गेली ती बरीचशी त्या जर्मन निबंधाने दार उघडून दिल्यावर. दरवाजा एकदा उघडल्यावर माणसे आत डोकावतात. सगळेच काम बंद खोलीत ठेवले असते तर करंजिन पुन्हा कोणीतरी दुसऱ्याने शोधले असते आणि आपण गौरवग्रंथ काढून समाधान मानले असते. स्वतःच्या नियतकालिकात स्वतःचे आणि स्वतःच्या विद्यार्थ्यांचे निबंध छापले की त्यांना कठोर परका परीक्षक मिळत नाही, हाही तोटाच. लिमयांच्या रसायनाला त्याने धक्का लागला नाही, कारण त्यांचे रसायन पक्के होते. पण रसायन पक्के नसलेली माणसे आज हीच वाट धरतात. पैसे भरून आठवड्यात निबंध छापून देणाऱ्या दुकानांची आणि 'रसायनम्'ची तुलना कोणी करू नये. तिथे पैसा लेखकाकडून दुकानाकडे जातो. 'रसायनम्'मध्ये लेखकच पदरमोड करत होता.

या सगळ्याचा औंधकडच्या विद्यार्थ्याला उपयोग काय? कोल्हापूरला किंवा पुण्याला पीएच.डी.ला जाल तेव्हा पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तुम्हाला जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर विचारेल. त्याला उत्तर द्या, त्यात कमीपणा नाही. लिमयांनीही आपला सर्वांत चांगला निबंध जगातल्या सर्वांत वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकातच दिला होता. पण एखाद्याचे सायटेशन बघाल तेव्हा आकड्यावर थांबू नका. त्यातले दहा लेख उघडा आणि त्याचे नाव कोणत्या वाक्यात आले आहे ते बघा. प्रस्तावनेतल्या माळेत आले आहे की प्रयोगाच्या भागात? त्याची पद्धत कोणी वापरली, कोणी सुधारली, कोणी खोडून काढली? स्वतःच स्वतःला किती वेळा उद्धृत केले आहे? एका संध्याकाळचे काम आहे, आणि ते केल्यावर त्या माणसाविषयी तुमचे जे मत बनेल ते कोणत्याही क्रमवारीपेक्षा भरवशाचे असेल. मी वर्गात हा प्रयोग दिला तेव्हा मुलांना सर्वांत जास्त आश्चर्य वाटले ते एका गोष्टीचे : मोठ्या आकड्यांच्या काही लेखांची पद्धत कोणी वापरलेलीच नव्हती.

आणि जमल्यास २,६-डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोफिनोन स्वतः करून बघा. रिसॉर्सिनॉल, इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट, अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड, अ‍ॅल्युमिनिअम क्लोराइड यांतले काहीही आपल्याकडच्या प्रयोगशाळेला न परवडण्यासारखे नाही. अ‍ॅल्युमिनिअम क्लोराइड मात्र कोरडे आणि ताजे हवे. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली घेतलीत तर अभिक्रिया चालणार नाही आणि दोष लिमयांना द्याल. काम फ्यूम हूडमध्येच करा, हायड्रोजन क्लोराइडचे धूर येतात. शेवटच्या पायरीला नायट्रोजन सोडता आला तर उत्तम, नाही तर पदार्थ काळवंडतो.

पुस्तिकेच्या पुढच्या पानांत लिमयांच्या उपलब्ध निबंधांचा परिचय आहे, करंजिनची रचना कशी उलगडत गेली त्याच्या आकृत्या आहेत, आणि त्यांच्या नावाचे संदर्भ कुठे कुठे येतात त्याचा जमेल तेवढा माग आहे. संपादकांनी आकृत्या हाताने काढल्या आहेत आणि त्या संगणकावरच्यांपेक्षा मला अधिक कळल्या. निबंध समजून घेताना 'रसायनम्'चे मूळ अंक हाताशी असण्याची गरज मात्र पदोपदी जाणवते.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत पूर्वी रसायनशास्त्र शिकवलेल्या प्राध्यापकांच्या घरी, जुन्या कॉलेजांच्या ग्रंथालयांच्या मागच्या खोलीत, 'रसायनम्'चे अंक असण्याची शक्यता आहे. कपाट रिकामे करताना ते रद्दीत घालू नका. जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेऊन द्या, आणि ते शक्य नसेल तर मोबाईलने प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. मुखपृष्ठ, साल आणि खंडाचा क्रमांक न विसरता घ्या.